मातांचा कैवारी : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

धर्मग्रामातील जुन्या नोंदवह्या चाळण्याचा प्रसंग आम्हांवर अधूनमधून येतो. कुणाला पणजोबांची जन्मतारीख हवी असते, कुणाला जमिनीच्या दाव्यासाठी वारसाचा पुरावा. त्या पिवळ्या, कातर झालेल्या पानांवरून बोट फिरवताना एक जोडी पुन:पुन्हा नजरेस पडते. एका वहीत बालकाच्या बाप्तिस्म्याची नोंद आणि दुसऱ्या वहीत, आठ-दहा दिवसांच्या आतच, त्याच बालकाच्या आईच्या दफनाची नोंद. दोन्ही नोंदी बहुधा एकाच धर्मगुरूच्या हातच्या. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आजीबाई म्हणत, ते उगाच नव्हे. ज्या तापाने या माता जात, त्याला आपल्याकडे बाळंतरोग म्हणत. वैद्यकात सूतिकाज्वर हा शब्द आहे. हा ताप का येतो आणि तो कसा थोपवता येईल, हे ज्याने प्रथम आकडेवारीनिशी दाखवून दिले आणि त्याबद्दल ज्याच्या वाट्याला उपेक्षाच आली, त्या डॉक्टरांचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत. या कथेत एका धर्मगुरूचाही भाग आहे. त्याचे नाव कुणी नोंदवून ठेवले नाही. परंतु आम्हांला तो फार जवळचा वाटतो.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरीत झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट, अशी तेव्हा दोन वेगळी शहरे होती. १८७३ साली ती एकत्र होऊन आजचे बुडापेस्ट झाले. वडील किराणा मालाचे सुखवस्तू व्यापारी. दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. कुटुंब कॅथलिक, आणि मुलाचे नाव इग्नेशियस या संताच्या नावावरून ठेवलेले. १८३७ साली ते कायद्याच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले; पण थोड्याच अवधीत त्यांनी वैद्यकाची वाट धरली. १८४४ साली पदवी घेऊन त्यांनी प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवले. त्या काळी हुशार तरुण डॉक्टर या शाखेकडे सहसा वळत नसत. बाळंतपण हे सुईणीचे काम, अशीच समजूत रूढ होती.

व्हिएन्नाचे सार्वत्रिक रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली उघडले होते. तेथील प्रसूतिगृहात येणाऱ्या बहुतेक स्त्रिया गरीब असत. मोलकरणी, धुणेवाल्या, कारखान्यात राबणाऱ्या मुली. त्यांतल्या कित्येक अविवाहित. त्यांना विनामूल्य उपचार मिळत आणि त्यांच्या बाळांना अनाथ बालकाश्रमात ठेवून घेतले जाई. त्या बदल्यात त्यांनी आपले शरीर विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी खुले करायचे, असा हा अलिखित व्यवहार. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया आपल्या घरीच बाळंत होत. म्हणजे या रुग्णालयात ज्या मरत होत्या, त्यांच्यासाठी आवाज उठवणारे फारसे कुणी नव्हते, हे आपण ध्यानात ठेवावे.

प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणींचे शिक्षण होई. एक दिवस पहिल्या विभागाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा, अशा पाळीने स्त्रिया दाखल केल्या जात. इमारत एकच, जेवण तेच, हवा तीच. पण १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली आणि त्यांत १,९८९ माता दगावल्या. म्हणजे शेकडा जवळजवळ दहा. त्याच काळात दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ माता दगावल्या; शेकडा चारहूनही कमी. शिकलेल्या डॉक्टरांच्या हाती अडीचपटीने मृत्यू!

ही गोष्ट डॉक्टरांना उमगण्यापूर्वी त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या बायकांना पक्की ठाऊक होती. आज पहिल्या विभागाची पाळी आहे, असे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून परत जाऊ देण्याची विनवणी करीत. कित्येक जणी मुद्दाम उशीर करून वाटेतच बाळंत होत, किंवा तसे झाल्याचे सांगत, म्हणजे बाळाला आश्रमात जागा मिळे आणि आईलाही त्या विभागातील तपासणी टळे. आणि नवल असे की, रस्त्यावर, आडोशाला, कुणाच्याही मदतीविना बाळंत झालेल्या या स्त्रियांना तो ताप क्वचितच येई. १८४६ च्या जुलैत पहिल्या विभागात साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झालेल्या सेमेलवाइस यांच्या मनाला ही गोष्ट काट्यासारखी सलू लागली.

कारणे सांगणाऱ्यांची वाण नव्हती. हवेतील दोष, ऋतुमान, पृथ्वीच्या पोटातून येणारे बाष्प, स्त्रियांची भीती, त्यांची लाज, असे बरेच काही सांगितले जाई. सेमेलवाइस यांनी एकेक कारण घेऊन दोन्ही विभागांवर तपासले. हवा दूषित म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखीच. गर्दी म्हणावी, तर गर्दी दुसऱ्या विभागातच अधिक, कारण बायका तिकडेच धाव घेत. पहिल्या विभागात स्त्रियांना उताणे निजवून बाळंत करीत, दुसऱ्यात कुशीवर. त्यांनी पहिल्यातही कुशीवर निजवण्याची पद्धत आणून पाहिली. काही फरक पडला नाही. एका चौकशी समितीने तर विदेशी विद्यार्थ्यांचे हात राकट असतात, असा निष्कर्ष काढून विद्यार्थ्यांची संख्या निम्म्यावर आणली.

आता त्या धर्मगुरूविषयी. रुग्णालयाचे प्रार्थनालय अशा जागी होते की, दुसऱ्या विभागात मरणासन्न स्त्रीला अखेरचा अभ्यंग देण्यासाठी जाताना धर्मगुरूला थेट आजारी स्त्रियांच्या खोलीत जाता येई. पहिल्या विभागात मात्र त्याला आधी पाच खोल्या ओलांडाव्या लागत. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो पूर्ण पोशाखात, पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन निघे आणि त्याच्यापुढे सेवक घंटा वाजवीत चाले. चोवीस तासांतून एकदाच असा फेरा व्हावा, अशी अपेक्षा असे. परंतु ज्या विभागात रोज कुणीतरी अंथरुणाला खिळत होते, तेथे ती घंटा पुन:पुन्हा वाजे. नुकत्याच बाळंत झालेल्या, कडेला बाळ घेऊन पडलेल्या स्त्रिया ती ऐकत आणि आता आपली पाळी, या विचाराने गर्भगळित होत. भीतीनेच ताप येत असावा, असेही एक मत होते. घंटेचा तो आवाज कानी पडला की खुद्द सेमेलवाइस यांच्याही काळजात चर्र होई. त्यांनी धर्मगुरूला जाऊन विनंती केली की, आपण घंटेविना, आडवाटेने, कुणाच्या नजरेस न पडता आजाऱ्यांच्या खोलीत यावे. धर्मगुरूने ते मान्य केले.

मृत्यू कमी झाले नाहीत. ते घंटेमुळे होतच नव्हते. तरीही आम्हांला हा प्रसंग थांबून विचार करायला लावतो. त्या काळी ख्रिस्तशरीर घंटेविना, चोरवाटेने नेणे ही लहान गोष्ट नव्हती. विधीचा मान आणि त्या भेदरलेल्या मातांचे स्वास्थ्य यांत त्या पुरोहिताने कशाला झुकते माप दिले, ते उघड आहे. रुग्णालयांत आजाऱ्यांना भेटायला जाणारे आम्ही धर्मगुरू कितीदा अशी आडवाट धरतो, हा प्रश्न आम्ही आमच्यापाशीच ठेवतो.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस मन रमवण्यासाठी मित्रांसह व्हेनिसला गेले होते. परत आले तो वाईट बातमी. त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेचका १३ मार्च रोजी वारले होते. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली, जखम चिघळली आणि विष अंगभर पसरले. सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि ते जागच्या जागी थबकले. पोटाचा पडदा, फुप्फुसावरील आवरण, मेंदूवरील आवरण, सर्वत्र तीच सूज, तोच पू, जो ते रोज मृत मातांच्या देहांत पाहत होते. कोलेचका काही बाळंतीण नव्हते. मग आजार एकच असेल, तर कारणही एकच असावे. कोलेचकांच्या शरीरात सुरीवाटे प्रेतातील कण शिरले. मातांच्या शरीरात ते कशावाटे शिरत होते?

उत्तर भयंकर होते. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेते तपासत आणि तेथून तसेच प्रसूतिकक्षात येऊन स्त्रियांची आतून तपासणी करीत. हात साबणाने धूत. पण प्रेताचा वास हाताला तसाच राही. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. दोन विभागांतील फरक तो एवढाच. जुन्या नोंदींनीही हेच सांगितले. १८२२ पर्यंत प्रसूतिगृहाचे प्रमुख असलेले योहान बोअर प्रेतांवर प्रसूतीचे धडे देत नसत, त्यासाठी पुतळा वापरीत. त्या काळी मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास होते. त्यांच्यानंतर आलेल्या योहान क्लाइन यांनी प्रेतांवर शिकवणे सुरू केले आणि ते प्रमाण शेकडा पाचाच्या वर गेले.

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून सेमेलवाइस यांनी नियम घातला. कक्षात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवावेत, वास पूर्ण जाईपर्यंत. क्लोरीनचे द्रावण महाग पडू लागले, तेव्हा त्यांनी क्लोरीनयुक्त चुना वापरला. आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो, तोच. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये २६८ पैकी ६, जुलैत २५० पैकी ३, ऑगस्टमध्ये २६४ पैकी ५. पुढे १८४८ सालात दोन महिने असेही गेले की, त्या विभागात एकही माता दगावली नाही. जंतूंचा शोध लागायला अद्याप अवकाश होता. कशाने मरण येते हे माहीत नसताना, ते कोणत्या वाटेने येते एवढे ओळखून या माणसाने ती वाट बंद केली.

या यशाचा आनंद त्यांना कधीच निर्भेळ भोगता आला नाही. मृत स्त्रियांच्या आजाराचे मूळ शोधण्याच्या तळमळीने ते स्वत: रोज सकाळी शवागारात जात, त्यांच्याइतकी शवविच्छेदने करणारे प्रसूतितज्ज्ञ थोडेच असतील. मधल्या काही महिन्यांत त्यांची जागा दुसऱ्या डॉक्टरकडे होती. ते शवागारात फारसे जात नसत. त्या काळात, १८४७ च्या फेब्रुवारीत, ३१२ पैकी केवळ ६ माता गेल्या. सेमेलवाइस परतले आणि एप्रिलमध्ये तितक्याच बाळंतपणांत ५७. त्याचा अर्थ त्यांना कळला आणि तो त्यांनी लपवला नाही. आपल्या हातून किती स्त्रिया अकाली थडग्यात गेल्या, ते एका परमेश्वरालाच ठाऊक, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात छापून दिली. प्रायश्चित्त संस्कारात कानाशी कुजबुजले जाणारे पाप आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. साऱ्या व्यवसायबंधूंसमोर, कुणी न विचारता, असा कबुलीजबाब देणारा मनुष्य विरळाच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक आघात झाला. कक्षातील पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित, स्राव होत असलेली एक स्त्री होती. डॉक्टरांची फेरी तिच्यापासून सुरू होई. हात कक्षात शिरताना धुतले होते. पण तिला तपासल्यावर पुढच्या स्त्रियांकडे जाताना साबणानेच धुतले गेले. बारा जणींपैकी अकरा जणी गेल्या. तेव्हापासून सेमेलवाइस यांनी प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनने हात धुण्याचा दंडक घातला. विष प्रेतातूनच येते असे नव्हे, जिवंत देहातील कुजणाऱ्या भागातूनही येते, हे त्यांना कळून चुकले.

एवढा पुरावा असताना जगाने ते ऐकले का नाही? वाचकांना हा प्रश्न पडेल. डॉक्टरच रोग पसरवतो, हे पचवणे कठीण होते. वरिष्ठ क्लाइन आधीपासून नाराज होते आणि १८४८ च्या क्रांतीनंतर व्हिएन्नात हंगेरियन माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. पण दोषाचा काही वाटा सेमेलवाइस यांच्याकडेही जातो, आणि चरित्र लिहिताना तो झाकणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यांना लिहिण्याचा कंटाळा होता. हेब्रा, श्कोडा, रोकिटान्स्की यांच्यासारखे व्हिएन्नाचे मातब्बर डॉक्टर त्यांच्या बाजूने होते. हेब्रांनी त्यांच्या शोधावर लेखही लिहिले. स्वत: सेमेलवाइस मात्र अनेक वर्षे गप्प राहिले. परिणामी परदेशांत अर्धवट माहिती पोहोचली. मार्च १८४९ मध्ये त्यांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. पुढे शिकवण्याची परवानगी मिळाली ती केवळ पुतळ्यावर शिकवण्याची. हा अपमान त्यांना सोसवला नाही. थोड्याच दिवसांत, जिवलग मित्रांचाही निरोप न घेता, त्यांनी व्हिएन्ना सोडले. या मित्रांना ते लागले, आणि लागण्यासारखेच होते.

जर्मनीतील कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिखाएलिस यांनी मात्र ते पटवून घेतले. आपल्या रुग्णालयात हात धुण्याची पद्धत सुरू करताच मृत्यू घटले आणि त्यांना आठवली आपली चुलतबहीण. तिचे बाळंतपण त्यांनीच केले होते आणि ती त्याच तापाने गेली होती. ते दु:ख त्यांना सोसले नाही. १८४८ साली त्यांनी आगगाडीखाली प्राण दिला. परमेश्वराची करुणा त्यांच्या आत्म्यावर असो.

पेस्टला परतल्यावर १८५१ साली सेमेलवाइस यांनी संत रॉक यांच्या नावे असलेल्या रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाची जबाबदारी विनावेतन स्वीकारली. संत रॉक हे साथीच्या रोगांत धावून येणारे संत म्हणून आपल्याला परिचित आहेत. तेथे सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत या तापाने फक्त ८ माता गेल्या. १८५५ साली ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे ताप पुन्हा डोकावला, तेव्हा त्यांनी मूळ शोधले. आधीच्या बाळंतिणीच्या रक्तापुवाने माखलेल्या चादरीच पुढच्या स्त्रीला अंथरल्या जात होत्या. अर्जविनंत्या करून अधिकारी हलेनात, तेव्हा त्या दुर्गंधीयुक्त चादरी उचलून त्यांनी थेट संबंधित अधिकाऱ्यापुढे नेऊन टाकल्या, असे सांगतात. १८५७ साली त्यांचा विवाह मारिया वाइडेनहोफर हिच्याशी झाला. ती त्यांच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. पाच अपत्ये झाली. पहिली दोन तान्हेपणीच गेली.

अखेर १८६१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आकड्यांनी भरलेला, पुनरुक्तीने जड झालेला आणि ठिकठिकाणी संतापाने पेटलेला. त्याची टीकाच अधिक झाली. मग सेमेलवाइस यांनी युरोपातील नामवंत प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रे लिहून त्यांना खुनी ठरवायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे सत्य होते; पण ज्यांचे हात धुवून घ्यायचे, त्यांनाच दारातून हाकलण्यासारखे ते होते. मात्र रोज कुठे ना कुठे माता मरत आहेत आणि उपाय एका बादलीत आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने किती शांत राहावे, हे सांगणेही अवघड आहे.

१८६५ च्या सुमारास त्यांचे मन ढळू लागले. आजार नेमका कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ३० जुलै रोजी त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आले. जुने मित्र हेब्रा स्थानकावर आले आणि नवे आरोग्यधाम दाखवतो, असे सांगून त्यांना वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. काय घडत आहे हे लक्षात येताच सेमेलवाइस यांनी निसटण्याचा प्रयत्न केला. पहारेकऱ्यांनी त्यांना जबर मारहाण केली, हातपाय जखडले आणि अंधाऱ्या कोठडीत टाकले. जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. कोलेचका ज्याने गेले, हजारो माता ज्याने गेल्या, त्याच विषाने. मारहाणीची ही हकीकत दर्शवणारी कागदपत्रे शंभरएक वर्षांनंतर उजेडात आली.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. मुलगा बरा झाला आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. लिस्टर यांनी ही कल्पना पाश्चर यांच्या लेखनावरून घेतली होती. सेमेलवाइस यांचे दफन १५ ऑगस्ट रोजी व्हिएन्नात झाले. तो धन्य कुमारी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. मोजकेच लोक हजर होते, पत्नी नव्हती.

१८७९ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी फळ्यावर साखळीसारखे जंतू काढून दाखवले आणि सूतिकाज्वराचे कारण जगासमोर मांडले. त्यानंतर सेमेलवाइस यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी त्यांच्या विधवा पत्नीने मुलांसह आपले आडनाव बदलून हंगेरियन वळणाचे सेमेरेन्यी हे नाव घेतले होते. आपल्याकडे गावोगावच्या दाईंना जे प्रशिक्षण देण्यात आले, त्यात पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या. त्यांतली पहिली हातांची.

१८९१ साली सेमेलवाइस यांच्या अस्थी मायदेशी आणण्यात आल्या. संत रॉक रुग्णालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांच्या पायाशी बाळाला कवेत घेतलेली एक माता बसली आहे. १९६४ साली त्या अस्थी पुन्हा हलवून, बुडातील ज्या घरात किराणा दुकानदाराच्या या मुलाचा जन्म झाला, त्याच घराच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. त्या घरात आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.